अक्षरं पक्की, अर्थ कच्चे

पस्तीस वर्षं स्टेनो-टायपिस्ट म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी डॉक्टरी अहवाल टाइप करण्यात गेली. त्या काळात लांबलचक इंग्रजी शब्द मी ढिगानं हातावेगळे केले आणि त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कामच तसं होतं. अर्थाच्या मागे लागलं की वेग पडतो, वेग पडला की कागद साचतात. शब्द मला बोटांनी माहीत होते. कुठल्या शब्दात डावा हात एकटाच राबतो, कुठे करंगळी अडखळते, कुठे एक अक्षर दोनदा ठोकायचं असतं आणि घाईत एकदाच ठोकलं जातं, एवढंच माझं इंग्रजी.

निवृत्तीनंतर नातीबरोबर स्क्रॅबल खेळायला लागले. स्पेलिंगमध्ये ती मला हरवू शकत नाही, पण अर्थ विचारला की माझी दांडी उडते. एकदा मी सात सोंगट्या एका दमात लावल्या, वरचे पन्नास गुणही घेतले, तर म्हणते, "आजी, याचा अर्थ काय गं?" मला काही सांगता येईना. मग तिनंच माझ्या फोनवर हे शब्दशोधक ॲप टाकून दिलं. तीन महिने झाले, रोज वापरते आहे. नाव लिहीत नाही, कारण अशी डझनभर ॲप्स आहेत आणि सगळी एकमेकांची भावंडं वाटतात.

ॲप करतं ते एवढंच. तुम्ही अक्षरं द्यायची, ते शब्द देतं. अक्षरं सुरुवातीला हवीत, शेवटी हवीत, मधे कुठेही हवीत, याच क्रमानं हवीत, फक्त हीच हवीत, ही अजिबात नकोत, असे पर्याय वर ओळीनं आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, चांदणी म्हणजे कितीही अक्षरं. यादी सगळ्यात लांब शब्दापासून सुरू होते. शब्दावर बोट ठेवलं की इंग्रजी अर्थ आणि खाली एका ओळीत मराठी अर्थ. छापील कोशाशी ज्यांनी जन्मभर झटापट केली त्यांना याचं मोल कळेल. कोशात शब्द डोक्याकडून धरावा लागतो; शेपटीकडून किंवा पोटातून धरायची सोय नाही. इथे पोटातली तीन अक्षरं पुरतात.

पहिल्या दिवशी मी त्याची परीक्षाच घेतली. कीबोर्डवर डाव्या हाताच्या वाटणीला 15 अक्षरं येतात, उजव्याच्या 11. डाव्या हाताची पंधराच्या पंधरा टाकली आणि 'फक्त हीच' वर टिचकी मारली. आले की! 'स्ट्युअर्डेसेस', 'रिव्हर्बरेटेड', 'डीसेग्रिगेटेड', तिन्ही 12 अक्षरांचे, तिन्हींत उजवा हात मांडीवर ठेवून बसला तरी चालेल. 'रिव्हर्बरेटेड' माझ्या ओळखीचा, घुमणं, आवाज घुमत राहणं. त्या शब्दानंतर डावं मनगट नेहमी झटकावं लागे. उजव्या हाताच्या अकरा अक्षरांत एवढे लांब शब्द निघेनात. 'पॉलिफनी' नऊ, 'मोनोपॉली' आठ. त्यात नवल नाही. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर 'ई', ते डावीकडे. 'ए', 'टी', 'एस', 'आर' पण डावीकडेच. ही मांडणी टाइपरायटर बनवणाऱ्या शोल्सच्या 1878 च्या पेटंटमधली, तेव्हापासून डावखुऱ्यांचं फावलंय. मग वरच्या ओळीतली दहा अक्षरं दिली. 'टाइपरायटर' येणार हे मला माहीत होतं, दहाही अक्षरं वरच्या ओळीतली. सोबत 'प्रोप्रायटर', 'पर्पेच्युइटी', 'रेपर्ट्वार' हेही दहा-दहा अक्षरांचे आले, आणि डोक्यावर 11 अक्षरांचा 'रप्चरवर्ट'. हा काय प्रकार म्हणून बोट ठेवलं तर निघाली एक जमिनीलगत पसरणारी वनस्पती. 'रप्चर' म्हणजे हर्निया, 'वर्ट' म्हणजे झाडपाला. हर्नियावर गुणकारी म्हणून जुन्या काळी वापरत, त्यावरून नाव. ॲपनं मराठीत लिहिलं होतं 'फाटलेली वनस्पती'.

इथूनच माझी कुरबूर सुरू झाली.

डाव्या हाताच्या यादीत त्या तिघांच्याही वर 13 अक्षरांचा एक शब्द होता, 'आफ्टरकॅटरॅक्ट'. हा मी टाइपही केला होता आणि भोगलाही. मोतीबिंदू काढताना भिंगामागचं पातळ आवरण तसंच ठेवतात. पुढे कधीतरी त्यावर धुरकटपणा येतो आणि पुन्हा अंधुक दिसायला लागतं. ॲपमधला मराठी अर्थ: 'नंतरचा धबधबा'.

मी इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण चूक कशी झाली ते शोधायला गेले तेव्हा ॲपची कीवही आली. 'कॅटरॅक्ट' म्हणजे धबधबा हेही खरंच आहे. मूळ ग्रीकातून लॅटिनमध्ये आलेला हा शब्द वरून खाली आदळणाऱ्या पाण्याला होता, तसाच किल्ल्याच्या वेशीत वरून खाली सोडायच्या जाळीदार दरवाजालाही. डोळ्यावर पडदा उतरतो तो त्या दरवाजासारखा म्हणून रोगाला हे नाव मिळालं, असं मानतात. म्हणजे ॲपनं दोन अर्थांतून एक उचलला, तोही चुकीच्या खणातला. माणूस असता तर शेजारचं 'आफ्टर' बघून थबकला असता. धबधब्यानंतर आणखी काय यायचं?

चूक कळवायला खाली एक बटण आहे. मी सविस्तर लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'आपली सूचना मोलाची आहे.'

आता ज्यासाठी हे ॲप घ्यावं असं मी म्हणेन ती गोष्ट सांगते. 'आर-आर-एच'. ही तीन अक्षरं एकापाठोपाठ आली की टायपिस्टला घाम फुटतो. पिटमनच्या लघुलिपीत, ती 1837 पासूनची, शब्द कानावर पडतो तसा लिहायचा. 'डायरिया' ऐकला की रेघ ओढली, संपलं. मूक अक्षरं लघुलिपीत नसतातच. ती सगळी भुतासारखी उभी राहतात टाइप करायला बसल्यावर: 'आर' एक की दोन, 'एच' आहे की नाही, असला तर कुठे. मी माझ्या टेबलाच्या खणात आतल्या बाजूला अशा शब्दांची चिठ्ठी चिकटवली होती. कायम घोटाळा करणारे सतराएक शब्द होते तिच्यात. पस्तीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की या सतरांचं आपसांत काही नातं असेल.

ॲपमध्ये 'आर-आर-एच' टाकलं आणि 'कुठेही' निवडलं. माझी चिठ्ठीच पडद्यावर आली, कितीतरी वाढून. 'डायरिया', 'कॅटार', 'सेबोरिया', 'हेमरेज', 'मेनोरेजिया', 'हर्नियोरॅफी', 'अऱ्हिदमिया', 'सिरोसिस'. शेपटाकडून लावली तर त्यांचे आपोआप गट पडतात. एक गट 'रिया'वाल्यांचा. ग्रीक 'ऱ्हेइन' म्हणजे वाहणे; 'डायरिया' म्हणजे आरपार वाहून जाणं, 'कॅटार' म्हणजे खाली वाहणं, नाक गळणं. दुसरा 'रेज' आणि 'रेजिया'वाल्यांचा. त्यांचा वाहण्याशी संबंध नाही. ते आलेत फुटण्यावरून. 'हेमरेज' म्हणजे रक्त फुटून बाहेर पडणं. तिसरा गट 'रॅफी', म्हणजे शिवण. 'हर्नियोरॅफी' 13 अक्षरांची, हर्निया शिवून बंद करण्याची शस्त्रक्रिया. वाहणं, फुटणं, शिवणं. तिघांच्या पोटात तीच तीन अक्षरं, आणि मी आयुष्यभर त्यांना एकाच माळेचे मणी समजत होते. 'आर' दुप्पट का, तर ग्रीकात 'आर'नं सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी स्वरान्त तुकडा जोडला की तो दुप्पट होतो, असा त्यांच्या संधीचा नियम. हे कुणी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर खणात चिठ्ठी लागली नसती.

आणि 'सिरोसिस' या तिघांतल्या कुठल्याच घरातला नाही. 'किर्‍होस' म्हणजे पिवळट तपकिरी. यकृताचा तो रंग पाहून लायनेक या फ्रेंच डॉक्टरानं 1819 मध्ये हे नाव ठेवलं. स्टेथोस्कोप काढला तोच हा लायनेक. म्हणजे एका रोगाचं नाव नुसतं रंगावरून, आणि त्यातले दोन 'आर' मुळातलेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती मात्र वेगळ्या कारणानं. 'ऱ्हेइन' आणि आपला संस्कृत 'स्रु' धातू हे एकाच मुळाचे. 'स्रवणे', 'स्राव', 'पाझर' म्हणतो त्या अर्थाचा 'स्रु'. म्हणजे 'डायरिया'तला 'रिया' आणि 'रक्तस्रावा'तला 'स्राव' सख्खी चुलत भावंडं निघाली. गंमत अशी की 'हेमरेज'ला आपण 'रक्तस्राव' म्हणतो, म्हणजे ग्रीकांनी जिथे फुटणं पाहिलं तिथे आपण वाहणं पाहिलं. आणि 'डायरिया'ला 'अतिसार'. तिथे धातू 'सृ', सरणे, पण चित्र तेच, वाहून जाण्याचं. हे ॲपनं सांगितलं नाही. ते जुन्या कोशातून आणि एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेला फोन करून मला कळलं. पण शब्द एका रांगेत उभे केले ते ॲपनंच. रांगेत उभे केल्याशिवाय चेहरेपट्टी जुळते हे दिसलं नसतं.

दुसरी अशीच रांग 'सी-एच-आय-आर'ची. ग्रीक 'खेइर' म्हणजे हात. 'कायरोग्राफी' हस्तलेखन, 'कायरोप्रॅक्टर' हातानं मणके बसवणारा, 'एन्कायरिडियन' हातात मावेल असं छोटं पुस्तक, आणि 'कायरर्जन', म्हणजे हातानं काम करणारा, तोच पुढे झिजून 'सर्जन' झाला. याच यादीत मधेच 'चर्पिनेस' येऊन बसतो, चिवचिवाट करण्याचा आनंदीपणा. अक्षरं तीच, हाताशी काडीचा संबंध नाही, उच्चारही वेगळा. ॲपला यातला फरक कळत नाही आणि कळावा अशी माझी अपेक्षाही नाही. खडे निवडायला आपण आहोत. फक्त मुळावरून गट पाडणारं एखादं बटण दिलं असतं तर बहार आली असती.

'तीच अक्षरं, दुसरा शब्द' असं एक बटण आहे, ते आधी मी कधी दाबलंच नव्हतं. नातीला कॅमेऱ्याचं वेड आहे म्हणून 'सिनेमॅटोग्राफर' टाकून दाबलं. 15 अक्षरं. एकच उत्तर आलं: 'मेगाकायरॉप्टेरन'. आम्ही दोघींनी कागदावर एकेक अक्षर खोडत मेळ घातला. दोन 'ए', दोन 'ई', दोन 'आर', बाकी एकेक. चोख. मराठी अर्थ काय, तर 'मोठा कायरॉप्टेरन'! म्हणजे अर्थ विचारायचा आणि तोच शब्द परत घ्यायचा. पण 'कायर' दिसल्याबरोबर मी म्हटलं, थांब, हा हातवाला आहे. 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हातपंखी. वटवाघूळ! आणि 'मेगा' म्हणजे थोरलं, फळं खाणारं. वटवाघळाचा पंख म्हणजे खरंच हात असतो, लांबच लांब चार बोटं आणि त्यांवर ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा. नात म्हणाली, "आजी, तुला कसं कळलं?" तीन महिन्यांतला माझा सगळ्यात मोठा विजय.

स्वरांच्या शोधातही ॲप चांगलं चालतं. पाचही स्वर क्रमानं असलेले शब्द मागितले: 'फसीशस', 'ॲबस्टीमियस'. उलट क्रमानं: 'सबकॉन्टिनेंटल', 'अनकॉम्प्लिमेंटरी', हा 15 अक्षरांचा. 'फसीशस'चा मराठी अर्थ नुसता 'विनोदी' दिलाय, ते काही खरं नाही. विनोदी माणूस आपल्याला आवडतो. 'फसीशस' म्हणजे गंभीर बोलणं चाललेलं असताना मधेच चेष्टा करणारा, वेळकाळ न बघणारा. एका अहवालात हा शब्द एका रुग्णाच्या वागण्याबद्दल होता हे मला अजून आठवतं, आणि तिथे 'विनोदी' म्हटलं असतं तर डॉक्टरांनी मलाच तपासलं असतं. स्वर नसलेल्या शब्दांत 'वाय'ला ॲप व्यंजन धरतं, म्हणून 'ऱ्हिदम्स' आणि 'सिझिजी' त्या यादीत येतात. हा 'वाय' बोलताना स्वराचंच काम करतो, तेव्हा ही इंग्रजीची आपली पळवाट. आपल्याकडे हा खेळच खेळता येत नाही, व्यंजनाच्या पोटात 'अ' बसलेला. 'सिझिजी' म्हणजे तीन खगोल एका रेषेत येणं. युतीही त्यात आली आणि प्रतियुतीही, म्हणजे सूर्य, पृथ्वी, चंद्र धरले तर अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही. ॲपचा अर्थ: 'सिझिजी'. बरं.

एकही अक्षर पुन्हा न येणारे शब्द हा माझ्या बोटांना सगळ्यात आवडलेला शोध. 15 अक्षरांचे दोन शब्द मिळाले. एक 'अनकॉपीराइटेबल'. स्क्रॅबलचा पट 15 घरांचाच असल्यामुळे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसेल, कधी जमायचं नाही ती गोष्ट वेगळी. दुसरा 'डर्मॅटोग्लिफिक्स'. बोटांच्या टोकांवरच्या, तळहात-तळपायांवरच्या कातडीच्या रेषांचा अभ्यास. नाव हॅरोल्ड कमिन्स यांनी 1926 मध्ये रूढ केलं. 'डर्मा' कातडी, 'ग्लिफ' कोरणं. ॲपनं यालाही 'त्वचेवरील कोरीवकाम' म्हटलंय, म्हणजे गोंदवणाऱ्याकडे जायची सोय. जोड्यांच्या शोधात 'बुककीपर' लगेच आला, 'ओ'ची, 'के'ची आणि 'ई'ची जोडी एकामागोमाग एक. टाइप करताना याची एक लय लागते, टक-टक, टक-टक, टक-टक. हिशेब लिहिणाऱ्या या सज्जनांना ॲपनं 'पुस्तकरक्षक' केलंय.

जगातले सगळ्यात लांब शब्द म्हणून जे मिरवले जातात त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. 45 अक्षरांचा तो 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' यादीत नेहमी पहिला येतो, आणि अर्थ अगदी गंभीर चेहऱ्यानं 'ज्वालामुखीच्या सूक्ष्म धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा रोग' असा. हा शब्द 1935 मध्ये अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबीसाठीच रचला, हे कुठेही लिहिलेलं नाही. मी फुफ्फुसांचे शेकडो अहवाल टाइप केले. हा एकदाही आला नाही. डॉक्टर 'सिलिकोसिस' म्हणतात, नऊ अक्षरं, आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात.

मात्र 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम'बद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे ॲप चुकत नाही तर उलटं सांगतं. 28 अक्षरांचा हा शब्द इंग्लंडच्या चर्चचा. चर्चला सरकारी दर्जा आहे तो 'एस्टॅब्लिशमेंट'. तो काढून घ्या म्हणणारे 'डिस'वाले. आणि काढून घेऊ नका म्हणणारे हे 'अँटि-डिस'वाले. आयर्लंडमध्ये 1869 च्या कायद्यानं तसा दर्जा खरोखर काढून घेतला गेला, म्हणजे भांडण नुसतं शब्दांचं नव्हतं. दोन नकार आले की होकार होतो. हे शाळेत शिकवतात. ॲपनं अर्थ दिलाय 'प्रस्थापितविरोधी विचारसरणी'. प्रस्थापिताला धरून बसलेल्या बिचाऱ्या माणसाला थेट बंडखोर करून टाकलं. 'अँटि' दिसला, 'विरोधी' लिहिलं, मधला 'डिस' गिळला.

याच्या शेजारचा 29 अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' मला मनापासून आवडला. विल्यम शेनस्टोन या कवीच्या 1741 च्या पत्रात तो सापडतो. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही आणि केस, असे चार लॅटिन शब्द एकापुढे एक रचलेले, चौघांचा मतलब एकच, 'किंमत शून्य'. नऊ 'आय' आहेत आणि एकही 'ई' नाही. उजवं मधलं बोट थकून जातं. ॲप म्हणतं 'निरुपयोगीपणा'. नाही हो! निरुपयोगी असणं वेगळं आणि निरुपयोगी ठरवणं वेगळं. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे, कस्पटासमान लेखणे. तिथे लोकर आणि केस, इथे कस्पट आणि तृण. मराठी अर्थ लिहिणाऱ्याला, तो माणूस असो की यंत्र, 'कस्पटासमान' आठवू नये याचं मला खरंच वाईट वाटलं. शोधयंत्र इतकं हुशार आणि त्याच्याच पोटात बसलेला दुभाष्या असा.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. स्पेलिंगं अमेरिकन धरलेली आहेत. 'हेमरेज'मधला ब्रिटिश 'ए' आणि 'डायरिया'मधला 'ओ' घालून शोधलं तर 'शब्द नाही' म्हणतं. ब्रिटिश स्पेलिंगचा पर्याय सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर लपवलाय. जाहिराती कीबोर्डच्या नेमक्या वरच्या ओळीवर येऊन बसतात, म्हणजे 'पी' दाबायला जावं तर भलतंच दुकान उघडतं. पैसे भरून त्या घालवता येतात. मी भरले नाहीत. अक्षर मोठं करता येतं, त्याबद्दल आभार, पण मोठं केलं की लांब शब्द कडेला कापला जातो. लांब शब्दांसाठीच असलेल्या ॲपमध्ये! नेट नसताना शोध चालतो, अर्थ येत नाहीत. गमतीनं म्हणायचं तर नुकसान काही नाही. उच्चार ऐकवणारी बाई 'सिक्वोया'सारखे छोटे शब्द नीट म्हणते, वीस अक्षरांपुढे मात्र तिचा दम तुटतो आणि मधेच गाडी बदलल्यासारखी वेगळ्याच आवाजात उरलेला शब्द म्हणते.

कुणी घ्यावं? शब्दकोडी सोडवणाऱ्यांनी डोळे मिटून. स्क्रॅबलवाल्यांनी सरावाला घ्यावं, खेळताना नव्हे. मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप बघितलं आणि नेमकी 'आजचा शब्द' म्हणून घंटी वाजली, नातीनं तो डाव रद्द केला. डॉक्टरी किंवा कायद्याचं टायपिंग शिकणाऱ्या मुलींनी जरूर घ्यावं आणि 'शेवटी' हा पर्याय वापरावा. 'रॅफी', 'रेजिया', 'ऑसिस' अशा शेपट्यांनी आठवडाभर शोधत बसलं तर स्पेलिंग पाठ करायची गरज उरणार नाही. इंग्रजीचा मराठी अर्थ पाहिजे म्हणून कुणी घेणार असेल तर घेऊ नये. शोधाला पाचपैकी साडेचार चांदण्या, अर्थाला दोन. त्यातली एक 'रिव्हर्बरेटेड'ला 'घुमला' असं चक्क बरोबर लिहिल्याबद्दल.

मी आता एक वही घातलीय. डाव्या पानावर ॲपनं दिलेले शब्द, उजव्या पानावर अर्थ, माझ्या हातानं, कोशात बघून. तीन महिन्यांत एकशेचाळीस झाले. चुका कळवायचं बटणही दाबते अधूनमधून, 'आपली सूचना मोलाची आहे' असं दर वेळी येतं. मध्यंतरी ॲपची नवी आवृत्ती आली, 'अर्थांमध्ये सुधारणा' असं वर ठळक लिहिलेलं. मी आधी 'आफ्टरकॅटरॅक्ट' उघडला.

धबधबा अजून वाहतोच आहे.